माउस एका क्लिकचे दोन करतोय, ओढलेली वस्तू मध्येच सुटते. दुरुस्त होतो का? (नाशिक)

अक्षरजुळणी

नमस्कार मंडळी. रविवार कारंज्याजवळ आमचं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, वास्तुशांतीची निमंत्रणं, थोडेफार फ्लेक्स. सगळं कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे दिवसभर उजवा हात माउसवरच.

हा माउस हल्ली एका क्लिकचे दोन करतो. फोल्डर नुसतं निवडायला जावं तर कधी कधी उघडतंच. तेवढं चालवून घेतलं असतं, पण ओढताना जे होतं त्याने जीव मेटाकुटीला आलाय. गणपती उचलून मथळ्याकडे नेत असते, अर्ध्या वाटेत तो सुटतो आणि वधूच्या नावावर जाऊन बसतो. कोरलवाल्यांना कळेल, निवडलेल्या वस्तूवर परत क्लिक पडलं की भोवती फिरवायचे बाण येतात. मला वाटतं मी ओळ सरकवतेय, प्रत्यक्षात ती एखाद्या अंशाने तिरकी होते. स्क्रीनवर लक्षात येत नाही, प्रूफ निघाल्यावर दिसतं. प्लेट निघाल्यावर दिसलं तर कागद, शाई, मजुरी सगळंच वाया.

वायरचा माउस आहे, नावाजलेल्या कंपनीचा, वॉरंटी संपलीय. जिथून घेतला तिथे म्हणाले, "ताई, माउस कुणी रिपेअर करत नाही, नवा घ्या." घेता येईल, पण हा हाताला बसलाय आणि त्या एका बटणाशिवाय बाकी ठणठणीत आहे. खरंच दुरुस्त होत नाही का? विंडोज १० आहे. लग्नसराई तोंडावर आलीय, म्हणून विचारतेय.

गोदाकाठ

ताई, आधी दोष माउसचा की कॉम्प्युटरचा ते ठरवा. माउस दुसऱ्या पोर्टला लावा, मग दुसऱ्या कुठल्याही लॅपटॉपला. दोष माउसबरोबर तिकडे गेला, तर विंडोज, ड्रायव्हर, व्हायरस सगळे सुटले. बरेच जण आधी कॉम्प्युटर फॉरमॅट मारून बसतात आणि माउस शेवटी तपासतात.

फोल्डर ऑप्शन्समध्ये "एका क्लिकने उघडा" चुकून चालू झालंय का, तेही बघून घ्या. ते असेल तर प्रत्येक वेळी उघडेल. तुमचं कधी उघडतं, कधी नाही, म्हणजे ते नसावं.

नवखा_गेमर

कंट्रोल पॅनल, माउस, तिथे डबल क्लिक स्पीडचा स्लायडर असतो. तो फास्टकडे सरकवा. माझ्या मित्राने तसंच केलं होतं.

अंबड_मेंटेनन्स

स्लायडरने हा आजार जात नाही, आणि का जात नाही ते समजलं तर पुढचं सगळं सोपं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विंडोज मूळ सेटिंगमध्ये ५०० मिलिसेकंदांच्या आत आलेल्या दोन क्लिकना डबल क्लिक मानतं. स्लायडर फास्टकडे नेला की ही मुदत कमी होते. पण बिघडलेल्या स्विचचे दोन क्लिक त्याहून फार जवळजवळ पडतात, बोटाने मुद्दाम मारताच येणार नाहीत इतके. स्लायडर कितीही ओढा, ते मुदतीतच बसतात. शिवाय ओढताना वस्तू सुटते तो डबल क्लिकचा प्रश्नच नाही. तिथे बटण दाबलेलं असताना क्षणभर संपर्क तुटतो आणि कॉम्प्युटरला वाटतं तुम्ही बोट उचललं. (हा स्लायडर वयस्कर माणसांसाठी मात्र जरूर स्लोकडे सरकवा. ज्यांचं बोट सावकाश पडतं त्यांना खूप फरक पडतो.)

आता आत काय होतं ते. डाव्या बटणाखाली छोटा काळा डबीसारखा मायक्रोस्विच असतो, १२.८ मिमी लांब, ५.८ रुंद, ६.५ उंच. बहुतेक वायरच्या माउसमध्ये हेच माप. त्यात तांब्याच्या मिश्रधातूची कागदासारखी पातळ पाती असते, तिच्यातून कमानीसारखी वाकवलेली जीभ काढलेली असते. बटण दाबलं की पाती टुक्कन खाली उलटते आणि खालच्या बिंदूला टेकते. तो टिक आवाज तिचाच. टेकताना ती एकदम स्थिर होत नाही, काही मिलिसेकंद थरथरते. नव्या स्विचमध्येही थरथरते. माउसमधली चिप तेवढा वेळ थांबते आणि मगच क्लिक मोजते, याला डीबाउन्स म्हणतात. पातीचा ताण कमी झाला किंवा बिंदूवर काळा थर बसला, की ही थरथर चिप थांबते त्याहून लांबते. मग एकाचे दोन.

अशा बऱ्याच स्विचवर दोन कोटी क्लिकची हमी असते, मग दोन वर्षांत कसा जातो, असं सगळे विचारतात. दिवसाला ५००० क्लिक धरले तरी २ कोटींना ४००० दिवस लागतील, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षं. पण ती हमी पाती तुटण्याची आहे. बिंदूवर थर बसण्याची नाही. जरा जास्त करंट वाहत असेल तर तो थर आपोआप जळून साफ होत राहतो. आताच्या माउसमधल्या चिपा वीज वाचवायला कमी व्होल्टेजवर आणि अगदी नाममात्र करंटवर चालतात. तेवढ्याने थर जळत नाही, साचत जातो. त्यामुळे पाती धडधाकट आणि स्विच मात्र निकामी, हे चित्र आमच्याकडे मशीनच्या पॅनलवरही दिसतं.

ताई, आज दोन चाचण्या करा. एक, पेंटमध्ये पेन्सिल घ्या, डावं बटण दाबून धरा आणि सबंध स्क्रीनभर सावकाश नागमोडी रेघ ओढा. बोट न उचलता रेघ तुटली तर संपर्क तुटतोय. दोन, माउसच्या सेटिंगमध्ये मुख्य बटण डाव्याऐवजी उजवं करा आणि तीच रेघ उजव्या बटणाने ओढा. ती सलग आली तर उजवा स्विच चांगला, डावा गेलेला, आणि चिप निर्दोष.

अक्षरजुळणी

इतकं नीट समजावलंत, मनापासून आभार. माउस भावाच्या लॅपटॉपला लावला, तिथेही तसाच वागतो. पेंटमध्ये डाव्या बटणाने रेघ जागोजागी तुटली, बटण जरा हलकं धरलं की जास्तच. उजव्याने काढलेली या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आली.

सध्या मुख्य बटण उजवं करून काम रेटतेय. हाताला सवय नाही, पण ओळी तिरक्या होणं थांबलं.

सिडकोवासी

एवढा खटाटोप कशाला? तीन-चारशे रुपयांत नवा माउस मिळतो. तुमच्या तासाभराच्या कामाची किंमत त्याहून जास्त आहे.

अंबड_मेंटेनन्स

घाई असेल तर नवा घेऊन ठेवावाच, त्यात काही गैर नाही. धंद्याच्या जागी एक माउस जादा असलाच पाहिजे. पण माझं म्हणणं वेगळं आहे. तीन-चारशेच्या माउसमध्येही याच जातीचा स्विच असतो, तोही पुढेमागे असाच जाणार. ताईंचा सेन्सर चांगला, वायर चांगली, चाक चांगलं. बिघडलंय ते नखाएवढं, चहा-नाश्त्याच्या पैशात येणारं. त्यासाठी अख्खी वस्तू टाकायची, हे मला पटत नाही. दुकानदार "होत नाही" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ "आम्ही करत नाही" एवढाच असतो.

आणि टाकायचाच झाला तर घंटागाडीच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचऱ्यात द्या.

दिंडोरीची_बाग

अंबड दादा, काळ्या थराबद्दल लिहिलंत म्हणून विचारतो. आमच्याकडे द्राक्षबाग आहे. फवारणीच्या नोंदी, मजुरांचे हिशेब, निर्यातीचे कागद सगळं कॉम्प्युटरवर. ज्या खोलीत कॉम्प्युटर आहे तिथेच औषधांचं कपाट आहे, आणि द्राक्षांवरच्या भुरी रोगासाठी लागणाऱ्या गंधकाची पोती तिथेच पडलेली असतात. आमच्याकडे माउस टिकतच नाहीत. कीबोर्डही. मुलगा म्हणतो धूळ. मला गंधकाचा संशय येतो. असं होऊ शकतं का?

अंबड_मेंटेनन्स

काका, तुमचा संशय अगदी रास्त आहे. बऱ्याच स्विचच्या बिंदूंवर चांदी किंवा चांदीचं मिश्रण असतं आणि पाती तांब्याची. गंधक चांदी आणि तांबं दोन्ही काळं करतं. देवघरातलं चांदीचं निरांजन काळं पडतं तेही हवेतल्या गंधकाच्या संयुगांनीच. तुमच्याकडे तर पोतीच शेजारी आहेत. भुकटी उडते ती वेगळी, आणि बंद खोलीत उन्हाळ्यात तापल्यावर थोडी वाफही सुटते.

पोती त्या खोलीतून हलवा. फक्त माउससाठी म्हणत नाही. मदरबोर्ड, रॅमचे दात, यूपीएसची जोडणी सगळ्यांवर हाच परिणाम होतो. आणि फवारणीची औषधं आणि माणसं एका बंद खोलीत असणं तब्येतीला वाईट, ते तर आहेच. एखादा जुना माउस अजून टाकला नसेल तर स्विचचं झाकण उघडून पातीचा फोटो टाका. काळी-निळसर दिसली तर तुमचा अंदाज बरोबर.

दिंडोरीची_बाग

उघडला. पाती पितळी असायला हवी ना? टेकते तिथे काळपट जांभळी झालीय, बोटाने पुसून जात नाही. पोती आजच शेडमध्ये हलवली. फोटो मुलगा आला की टाकतो.

इंदिरानगर_घरून_काम

धाग्यात घुसतेय, पण माझा त्रास वेगळा आहे. वायरलेस माउस आहे. क्लिक बरोबर पडतात, पण बाण अडखळत चालतो, मध्येच गोठतो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करते तेव्हा फार खराब दिसतं. सेल बदलून झाले.

गोदाकाठ

डोंगल, म्हणजे माउसचा सिग्नल घेणारा तो छोटा युएसबी तुकडा, कुठे लावलाय? आणि शेजारी काय आहे?

इंदिरानगर_घरून_काम

सीपीयूच्या मागे, निळ्या पोर्टमध्ये. शेजारी बॅकअपची हार्ड डिस्क कायम लावलेली असते.

गोदाकाठ

मग बहुधा तिथेच घोळ आहे. निळा पोर्ट म्हणजे युएसबी ३.०. त्यावर डेटा पळत असताना पोर्टमधून आणि डिस्कच्या केबलमधून जो रेडिओ गोंगाट पसरतो, तो २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच येतो, आणि तुमचा माउस त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर टिपण काढलं होतं. बॅकअप चालू असताना त्रास वाढतो का, ते बघा.

एक साधी युएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या, डोंगल तिच्या टोकाला लावून टेबलावर माउसपासून वीतभर अंतरावर ठेवा. ते जमेपर्यंत पुढच्या बाजूच्या काळ्या पोर्टला लावा. लोखंडी कॅबिनेटच्या मागे डोंगल लपलेला असला की सिग्नल आधीच कमी होतो.

तरीही अडखळला तर खाली पाठकोरा पांढरा कागद ठेवून बघा. काचेच्या किंवा आरशासारख्या चकचकीत टेबलावर सेन्सरला खुणाच सापडत नाहीत. माउसच्या पोटात एक चिमुकला कॅमेरा असतो, तो पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो काढून आपण किती सरकलो ते ठरवतो. भिंगात एखादा केस अडकला तरी त्याची दिशा चुकते.

इंदिरानगर_घरून_काम

एक्स्टेन्शनने काम झालं! बॅकअप चालू ठेवून मुद्दाम तपासलं, बाण एकदाही अडखळला नाही. उगाच माउसला दोष देत होते.

अक्षरजुळणी

माझ्या माउसकडे परत येते. उघडायचं ठरवलंय. सोल्डरिंग मला येत नाही, पण भाऊ आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे, तो करेल. स्विच कुठला मागायचा? आणि उघडताना काय सांभाळायचं?

अंबड_मेंटेनन्स

स्विच लगेच मिळाला नाही तरी अडू नका. उजव्या बटणाखालीही बहुधा तसाच स्विच असतो आणि तो फार कमी वापरला जातो. उजवा काढून डाव्या जागी बसवा, डावा उजवीकडे. एक रुपया न घालवता लग्नसराई निभावेल. मग निवांत नवीन मागवा. ओमरॉन, कैल्ह, ह्वानो या कंपन्यांचे या मापाचे स्विच ऑनलाइन मिळतात. टिकचा आवाज आणि बोटाला लागणारा जोर प्रत्येकाचा वेगळा, म्हणून दोन्ही बटणांना एकाच जातीचे घ्या, नाहीतर दिवसभर काम करताना खटकत राहतं.

वायर काढून मगच हात लावा. स्क्रू बहुतेक वेळा खालच्या गुळगुळीत पायांच्या पट्ट्यांखाली असतात. हेअर ड्रायरने पट्टी जरा गरम केली की गोंद सैल होतो आणि ती न मुडपता निघते. मुडपली तर नंतर माउस घासत चालतो. एखादा स्क्रू स्टिकरखाली असतो, बोट फिरवलं की खळगा लागतो. वरचं झाकण हिसका देऊन उचलू नका, कधी कधी आतून पट्टीसारखी केबल वर गेलेली असते.

पीसीबी, म्हणजे आतला सर्किट बोर्ड, दिसला की सगळ्यात आधी मोबाइलने फोटो काढा. स्विचवरचा छोटा ठिपका मधोमध नसतो, एका बाजूला असतो. उलटा बसला तर वरचं बटण त्याच्यावर येणारच नाही.

भावाला सांगा, तीन पाय आहेत आणि तिन्ही एकदम सुटले पाहिजेत. आधी प्रत्येक पायावर थोडं ताजं सोल्डर आणि फ्लक्स द्यायचं, मग वितळलेलं सोल्डर शोषणाऱ्या पंपाने ओढून घ्यायचं. जुनं कोरडं सोल्डर नुसतं तापवत बसलं तर पीसीबीवरची तांब्याची चकती उचकटते, आणि मग खरी पंचाईत. २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं. खिडकी उघडी ठेवा, काम झाल्यावर साबणाने हात धुवा. सोल्डरमध्ये शिसं असतं.

सोल्डर न करताही एक उपाय आहे, झाकण उघडून पाती साफ करून तिचा ताण वाढवायचा. मी तो सुचवणार नाही. झाकण निघताना ठिपक्याचं बटण टुणकन उडून हरवतं, आणि ती जीभ परत तिच्या खाचेत बसवणं भल्याभल्यांना जमत नाही. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा फटीतून मारून बघायला हरकत नाही, काही आठवडे बरं वाटतं. सॅनिटायझर मात्र नको, त्यात ग्लिसरीन असतं. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे पण नको, त्यावर धूळ चिकटते.

मेनरोडचा_जुना

भावाकडे पंप नसेल तर एमजी रोडला जा. तिथे मोबाइल दुरुस्तीवाले हारीने बसलेत. मोबाइलवरचं बारीक सोल्डरिंग दिवसभर करतात, त्यांच्यासाठी माउसचा स्विच म्हणजे हातचा मळ. "माउस दुरुस्त करता का?" असं विचारू नका, नाही म्हणतील. माउस घरीच उघडून नुसता पीसीबी न्या आणि म्हणा, "हे दोन स्विच आपसात बदलून द्या."

लिनक्सप्रेमी

ज्यांना उघडायचंच नाही त्यांच्यासाठी: लिनक्सवर लिबइनपुट (माउस-कीबोर्ड सांभाळणारं आतलं सॉफ्टवेअर) बटणाची थरथर स्वतःच गाळतं, बऱ्याचदा तोच माउस तिथे बरा वागतो. विंडोजवर काही गेमिंग माउसच्या सॉफ्टवेअरमध्ये डीबाउन्सची वेळ वाढवता येते. पण ओढताना संपर्क तुटणं जास्त वेळाचं असेल तर सॉफ्टवेअरच्या हातात काही राहत नाही.

अक्षरजुळणी

झालं! भावाने काल रात्री दोन्ही स्विच आपसात बदलले. मेनरोडच्या काकांनी सुचवलेल्या एमजी रोडची गरज पडली नाही, पंप त्याच्या मित्राकडे मिळाला. एक पट्टी थोडी मुडपली, ती गरम करून दाबून बसवली. पेंटमधली रेघ डाव्या बटणाने सलग. आज सकाळपासून पत्रिकांचं काम केलं, एकही वस्तू सुटली नाही. नवीन स्विचची जोडी मागवून ठेवलीय.

अंबड दादा, तुम्ही ओळखदेख नसताना इतका वेळ दिलात. ते "तीन पाय एकदम सुटले पाहिजेत" भावाला वाचून दाखवलं, म्हणाला बरं झालं आधी सांगितलं.

सिडकोवासी

अभिनंदन ताई. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. माझ्याकडे दोन माउस कपाटात पडून आहेत. एकाचं डावं बटण गेलंय, ते आता कळलं. दुसऱ्याचं चाक बिघडलंय, पान खाली नेताना मध्येच वर उडी मारतं. त्यालाही स्विचच असतो का?

अंबड_मेंटेनन्स

नाही, त्याला एन्कोडर असतो, म्हणजे चाक कुठल्या दिशेने किती फिरलं ते ओळखणारा भाग. चाकाच्या आसाला सहा कोनी दांडी असेल आणि ती एका छोट्या चौकोनी डबीत शिरत असेल, तर तो यांत्रिक एन्कोडर. आतल्या पट्ट्या मळल्या की दिशा चुकते. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब डबीच्या फटीत सोडा, चाक दोन्ही दिशांना भरपूर फिरवा, पूर्ण वाळू द्या, मग लावून बघा. बऱ्याचदा एवढ्यानेच सुटतं. दांडीऐवजी चाकालाच खाचा असतील आणि दोन बाजूंना दोन छोटे दिवे-सेन्सर असतील, तर तो प्रकाशावर चालतो, तिथे फक्त केस आणि धूळ काढायची.

बदलायचाच झाला तर जुना काढण्याआधी पीसीबीपासून दांडी शिरते त्या भोकाच्या मध्यापर्यंतची उंची नीट मोजा. एन्कोडर ७, ९, ११ मिमी अशा वेगवेगळ्या उंचीचे येतात, चुकीचा आणला तर चाक एकतर झाकणाला घासतं नाहीतर मधलं बटण दाबलंच जात नाही. मोजून फोटो टाका, कुठला मागवायचा ते सांगतो.